कुत्र्याच्या कानाची निगा

शेतकऱ्याच्या दाराशीं जीं जनावरें असतात, त्यांपैकीं बैल, गाय व म्हैस यांच्या दुखण्याकडे त्याचें लक्ष सहसा असतें. कारण ऐन हंगामांत बैल दोन दिवस बसून राहिला, तर होणारें नुकसान लागलीच डोळ्यांपुढें उभें राहतें. कुत्र्याची गोष्ट तशी नाहीं. तो बहुधा विकत घ्यावा लागत नाहीं, त्याच्यासाठीं वैरण सांठवावी लागत नाहीं, आणि म्हणूनच त्याचें दुखणें हें दुखणें आहे असें मनांत येण्यास पुष्कळ वेळ लागतो. तथापि चिचगडसारख्या रानाशेजारच्या गांवीं ज्याची धानाची बांधी जंगलाच्या कडेस आहे, त्यास कुत्र्याची खरी किंमत सांगावयास नको. अंधाऱ्या रात्रीं रानडुकरांचा कळप धुऱ्यापाशीं आला, हें माणसास कळण्यापूर्वीं कुत्र्यास कळतें. आणि तें त्यास डोळ्यांपेक्षां नाकानें व कानांनीं अधिक कळतें. माणसाच्या कानास दर सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकूं येतो. कुत्र्यास सुमारें ४५,००० कंपनांपर्यंतचा येतो. अशा ह्या अवयवाची निगा कशी राखावी, आणि विशेषतः काय करूं नये, एवढेंच ह्या लेखांत सांगावयाचें आहे.

एक चूक

प्रारंभींच एक चूक कबूल केलेली बरी. कारण तिच्यापासूनच हा लेख निघाला आहे. २०१६ सालच्या पावसाळ्यांत आमच्या घरचा मोती नांवाचा कुत्रा डोकें झटकूं लागला. त्याचे कान लोंबते. रोवणीच्या दिवसांत तो सकाळपासून सांजेपर्यंत माणसांबरोबर चिखलपाण्यांत असे. आठ दिवसांत डाव्या कानास घाण येऊं लागली. घरांतील वडील माणसांनीं सांगितल्यावरून मीं कोमट तेल त्या कानांत तीन दिवस ओतलें. पहिल्या दिवशीं तो थोडा शांत वाटला. चौथ्या दिवशीं कानांतून पू आला, आणि लाडानें कानास हात लावणाऱ्या घरच्या मुलाच्या अंगावर तो धांवून गेला. दांत लागले नाहींत हें आमचें भाग्य. परंतु तेवढ्यावरून ‘कुत्रा पिसाळला’ अशी हूल उठली, आणि दोघे-तिघे काठ्या घेऊन दाराशीं आले. त्यास गोठ्यांत एकीकडे बांधून मीं कशीबशी ती वेळ टाळली. दुसऱ्या दिवशीं पशुवैद्य आले. त्यांनीं कानांत नळीदार यंत्रानें पाहिलें, आणि कानाचा पडदा फाटला असल्याचें सांगितलें. ओल्या कानांत तेल गेल्यानें ओल आंतच कोंडली होती, व रोगास आयतें घर मिळालें होतें.

मोती वांचला. परंतु त्याचा डावा कान कायमचा गेला. हांक मारली म्हणजे ती त्यास ऐकूं येई, पण ती कोणत्या बाजूनें आली हें उमगत नसे. डावीकडून हांक मारावी तर तो उजवीकडे पाही. दोन्ही कानांवर पडणाऱ्या आवाजांतील अंतरावरूनच दिशा कळते, आणि एक कान गेला कीं ती कळण्याचें साधनच जातें. ज्या मुलखांत बिबट्या कुत्र्याच्या मागावर असतो, त्या मुलखांत ही उणीव लहान नव्हे. दोष रोगाचा थोडा होता, माझ्या उतावळ्या उपायाचा अधिक होता.

कानाची रचना

ही चूक मजसारख्या अनेकांकडून होते, याचें कारण कुत्र्याचा कान आंतून कसा असतो हें आपणांस ठाऊक नसतें. माणसाच्या कानाची नळी लहान व बहुतेक सरळ असते. कुत्र्याची नळी प्रथम उभी खालीं उतरते, आणि मग काटकोनांत वळून डोक्याच्या आंतील बाजूस जाते. हिची लांबी कुत्र्याच्या आकारमानाप्रमाणें ५ ते १० सेंटिमीटर असते, आणि तिच्या शेवटीं कानाचा पडदा असतो. ह्या वळणामुळें बाहेरून पाहणाऱ्यास पडदा दिसत नाहीं, आणि आंत गेलेलें पाणी, तेल अगर कुसळ आपोआप बाहेर येत नाहीं. विहिरींत पडलेली वस्तु जशी वर येत नाहीं, तसाच हा प्रकार आहे.

परंतु निसर्गानें ह्या विहिरीची सफाई करण्याची तजवीजहि करून ठेविली आहे. नळीचें अस्तर म्हणजे कातडीच होय, आणि ती पडद्यापासून बाहेरच्या तोंडाकडे अगदीं सावकाश सरकत असते. तिच्याबरोबर जुना मळ बाहेर येतो. म्हणून निरोगी कानांत थोडा पिंवळसर अगर फिकट तपकिरी मळ असणें हें घाणेरडेपणाचें लक्षण नसून काम सुरळीत चालल्याचें लक्षण आहे. जो मनुष्य दररोज काडीस कापूस गुंडाळून हा मळ काढूं पाहतो, तो अर्धा मळ बाहेर काढतो आणि अर्धा वळणाच्या पलीकडे ठांसतो. शिवाय घांसल्यानें कातडी सोलवटते, आणि सोललेल्या कातडीवर रोग लवकर जडतो.

कोणते कान अधिक बिघडतात

नवेगांव-नागझिऱ्याच्या रानांत कोळसून म्हणजे रानकुत्रे आहेत. त्यांचे कान उभे, गोल व मोकळे असतात. वारा लागतो, ओल सुकते. आपल्या गांवकुत्र्यांपैकीं पुष्कळांचे कान उभे अगर टोंकाशीं किंचित् वळलेले असतात, व त्यांस कानाचा त्रास तुलनेनें थोडा होतो. लोंबत्या कानांचें तसें नाहीं. मराठवाड्यांतील कारवानी कुत्रा, शहरांतून आलेला लॅब्राडोर अगर स्पॅनिअल, आणि अशांच्या संकराचीं पिलें यांच्या कानाची पाळी नळीच्या तोंडावर झांकणासारखी पडून असते. आंत ऊब व ओल राहते, आणि बुरशीस याहून अधिक कांहीं नको असतें. ज्यांच्या कानांत केंस दाट असतात त्यांचीहि गत अशीच. म्हणून अशा कुत्र्याच्या धन्यानें इतरांच्या दुप्पट लक्ष ठेवावें.

येथें एका वाईट चालीचा उल्लेख केला पाहिजे. पिलूं मोठेपणीं तिखट व्हावें म्हणून कित्येक ठिकाणीं त्याचे कान कापतात. कान कापल्यानें कुत्रा तिखट होत नाहीं व रोगहि टळत नाहीं. उलट ताज्या जखमेवर माशी बसून अळ्या पडण्याचें भय मात्र निर्माण होतें.

आठवड्याची पाहणी

निगेचें खरें काम धुण्याचें नसून पाहण्याचें आहे. आठवड्यांतून एक दिवस, गुरांच्या बाजाराचा म्हणा कीं सुटीचा म्हणा, कायम ठरवून टाकावा. कुत्र्यास उजेडांत बसवावें, कानाची पाळी हळूच उलटावी, आणि चार गोष्टी पाहाव्या. पहिली रंग: आंतील कातडी फिकट गुलाबी असावी, लाल अगर काळसर व जाड झालेली नसावी. दुसरी वास: निरोगी कानास फारसा वास नसतो, आंबूस अगर कुजकट वास आला तर समजावें कीं आंत कांहीं बिघडलें आहे. तिसरी मळ: तो थोडा व फिकट असावा, पुष्कळ, काळा, चिकट अगर पिवाळ नसावा. चौथी दुखणें: कानाच्या मुळाशीं हलकेंच चोळलें असतां निरोगी कुत्रा सुखावतो, दुखऱ्या कानाचा कुत्रा मान ओढून घेतो अगर कण्हतो. ह्या पाहणीस दोन मिनिटें पुरतात. पिलूं लहान असल्यापासून तिची संवय लाविली म्हणजे मोठेपणीं झटापट करावी लागत नाहीं. पिलाच्या कानाच्या नळ्या जन्मानंतर सुमारें दोन आठवड्यांनीं उघडतात. त्यापूर्वीं कानांशीं खेळूं नये.

साफ करण्याची रीत

मळ दिसण्याजोगा साचला असेल तरच कान साफ करावा. नसेल तर त्याच्या वाटेस जाऊं नये. कुत्र्याच्या कानांसाठीं मिळणारें धुण्याचें द्रव्य पशुवैद्यास विचारून आणावें, व तें अंगाइतकें कोमट करून घ्यावें. कुत्र्यास भिंतीशीं बसवून एकानें धरावें. कानाची पाळी वर उचलावी, नळी भरेल इतकें द्रव्य सोडावें, बाटलीचें तोंड कानांत खुपसूं नये. मग कानाचें मूळ बाहेरून अर्धा मिनिट चोळावें. आंत पचपच असा आवाज येतो. नंतर सोडून द्यावें. कुत्रा जोरानें डोकें झटकतो आणि वळणापलीकडचा मळ स्वतःच वर आणतो. वर आलेला मळ कापसाच्या बोळ्यानें बोट जाईल तेथपर्यंतच टिपावा. एका कानाचा बोळा दुसऱ्यास लावूं नये. काडी, चिमटा, केंसांतील आंकडा हीं हत्यारें मुळींच आंत घालूं नयेत. जो कान दुखरा आहे, ज्यांतून पू अगर रक्त येतें, किंवा ज्या कुत्र्याची मान एकीकडे कलली आहे, त्याचा कान घरीं धुऊंच नये.

काय घालूं नये

आतां ह्या लेखांतील मुख्य सांगणें. दुखऱ्या कानांत, तो आंतून पाहिला गेल्याशिवाय, कांहींहि घालूं नये. कोमट तेल, करंजीचें तेल, तंबाखूचें पाणी, घासलेट, फिनाईल, स्पिरिट, ऑक्सिजनचें म्हणून ओळखलें जाणारें फेसाळ औषध, यांपैकीं प्रत्येकानें कोणाचा तरी कुत्रा बरा झाल्याची गोष्ट गांवांत ऐकावयास मिळते. ज्यांचे बहिरे झाले त्यांच्या गोष्टी सांगितल्या जात नाहींत, कारण कुत्रा बहिरा झाला हें बहुधा कळतच नाहीं. माणसाच्या कानाचे उरलेले थेंबहि घालूं नयेत. जेंटामायसिन, निओमायसिन यांसारखीं औषधें पडदा शाबूत असतां उपयोगी पडतात. पण पडदा फाटला असल्यास तींच आंतल्या कानांत उतरून ऐकण्याची शक्ति नष्ट करूं शकतात. पडदा शाबूत आहे कीं नाहीं हें यंत्रानें पाहिल्यावांचून कोणासहि सांगतां येत नाहीं.

गुरांच्या औषधांबद्दलहि असाच इशारा देणें अवश्य आहे. गोचिडांसाठीं बैलांवर फवारावयाचें औषध बोटानें कुत्र्याच्या कानांत लावणें धोक्याचें आहे. आयव्हरमेक्टिन हें नांव आज पुष्कळ शेतकऱ्यांस ठाऊक आहे; त्याच्या शोधाबद्दल दोन शास्त्रज्ञांस २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. औषध उत्तम आहे; परंतु गुरांसाठीं केलेलें टोंचण्याचें औषध कुत्र्यास अंदाजानें दिल्यास मात्रा सहज कित्येक पट होते. कोली जातीच्या व तिच्या रक्ताच्या पुष्कळ कुत्र्यांस तर ह्या औषधाची मोठी मात्रा जन्मतःच सोसत नाहीं, व तीं त्यानें दगावतात. तेव्हां गोठ्यांतील कपाटांतून कुत्र्याचें औषध काढूं नये.

ऋतूप्रमाणें सावधगिरी

आमच्या भागांत वर्षाचे तीन काळ कुत्र्याच्या कानास विशेष जड जातात. पहिला पावसाळा. बांध्या भरलेल्या असतात, बोड्या व तलाव तुडुंब असतात, आणि कुत्रा दिवसभर ओला राहतो. सांजेस घरीं आल्यावर त्याचे कान आंतून-बाहेरून मऊ कोरड्या फडक्यानें पुसावे. हा एक उपाय दहा औषधांच्या बरोबरीचा आहे. ह्याच दिवसांत जखमेवर माशी बसून अळ्या पडतात. जिवंत मांस खाणाऱ्या अळ्यांची ही माशी जखमेच्या कांठावर अंडीं घालते. बहुधा एका दिवसाच्या आंत तीं फुटतात, आणि अळ्या पुढें पांच-सात दिवस मांस पोंखरीत राहतात. म्हणून कानावरचा ओरखडाहि धुऊन स्वच्छ ठेवावा. अळ्या दिसल्या तर त्याच दिवशीं पशुवैद्याकडे न्यावें. फिनाईल ओतून अळ्यांबरोबर मांसहि जाळूं नये. उभ्या कानांच्या टोंकांवर चावऱ्या माश्या बसून रक्ताळलेल्या खपल्या धरतात, त्याचें मूळ बहुधा दाराजवळच्या उकिरड्यांत असतें. शेणखताचा खड्डा घरापासून दूर ठेवून वर माती पसरली तर कुत्रा, गुरें व माणसें यांस सारखाच लाभ होतो.

दुसरा काळ पावसाळ्यानंतरचा, गवत वाळण्याचा. कुसळी गवताचें टोंक भाल्यासारखें असून त्यावर उलटे कांटे असतात. तें एकदां नळींत शिरलें कीं पुढेंच सरकतें, मागें येत नाहीं. रानांतून आलेला कुत्रा एकाएकीं एकच कान खालीं करून वेड्यासारखें डोकें झटकूं लागला, तर कुसळाचा संशय घ्यावा. दिसत असेल तर हळूच काढावें. दिसत नसेल तर शोधूं नये, वैद्यास दाखवावें. रानांतून परतल्यावर कान व बोटांच्या बेचक्या चांचपण्याची संवय ठेवावी.

तिसरा काळ उन्हाळ्याचा व पहिल्या पावसाचा, गोचिडांचा. त्या कानाच्या घड्यांत दडतात, आणि रक्त पिण्यापलीकडे गोचीडतापाचे जंतूहि अंगांत सोडतात. गोचीड चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढावी. बोटांनीं चिरडूं नये, घासलेट लावूं नये, विडीनें भाजूं नये.

रोगांचीं कारणें

कानांतून निघणाऱ्या मळावरून रोगाचा अंदाज करतां येतो, निश्चय मात्र करतां येत नाहीं. दोन्ही कानांत कॉफीच्या चोथ्यासारखा काळा भुगा व अतिशय खाज असेल, विशेषतः पिलांत, तर तो बहुधा कानांतील सूक्ष्म किड्यांचा उपद्रव होय. हे किडे मांजरांतहि असतात व एकाचे दुसऱ्यास लागतात. अंड्यापासून पुरता किडा होण्यास सुमारें तीन आठवडे लागतात. म्हणून घरांतील सर्व कुत्र्या-मांजरांवर एकाच वेळीं उपचार करावा, आणि खाज थांबली म्हणून तो मध्येंच सोडूं नये.

तपकिरी, चिकट व आंबूस वासाचा मळ बहुधा बुरशीचा असतो. ही बुरशी १९२५ सालीं गेंड्याच्या कातडीवर प्रथम ओळखली गेली, आणि जाड कातडीच्या जनावरावरून तिला नांव मिळालें. पण तिचें नेहमींचें वसतिस्थान कुत्र्याचा कान हेंच आहे. निरोगी कानांतहि ती थोडी असतेच. ओल व सूज मिळाली कीं बळावते. पिवळा अगर हिरवट पू व असह्य दुर्गंधि असेल तर जंतूंचा रोग समजावा. ह्या तिहींचें औषध वेगवेगळें आहे. पशुवैद्य कानांतील मळाचा ठसा कांचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात, तें ह्याचसाठीं. एकाचें औषध दुसऱ्यास दिलें तर रोग मुरतो.

कान बरा होऊन वारंवार बिघडत असेल, आणि कुत्रा पायहि चाटीत असेल, तर मूळ कानांत नसून सबंध कातडींत असतें. पिसवा, धूळ अगर एखादें अन्न न सोसल्यामुळें अंगास जी खाज सुटते, ती कानांत प्रथम दिसते. अशा वेळीं कानांत थेंब घालीत राहणें म्हणजे गळक्या छपराखालीं भांडें ठेवीत राहण्यासारखें आहे.

डोकें फार झटकल्यानें कानाच्या पाळींत रक्त सांठून ती पुरीसारखी फुगते. तिला सुई टोंचूं नये. रक्त पुन्हां भरतें आणि वर जखम पिकते.

पिसाळलेला कीं दुखणाईत?

मोतीवर आलेल्या प्रसंगामुळें ह्या गोष्टीचा स्वतंत्र विचार करणें भाग आहे. कान ठणकणारा कुत्रा चिडका होतो. पण तो धन्यास ओळखतो, पाणी पितो, आणि बहुधा कानाकडे हात नेला तरच अंगावर येतो. पिसाळ झालेल्या कुत्र्याचा स्वभावच पालटतो. आवाज घोगरा होतो, लाळ गळते, खालचा जबडा लोंबतो, गिळतां येत नाहीं, आणि पुढें येईल त्यास तो चावतो. तथापि हा भेद वाचून कोणी आपणच निकाल देऊं नये. शंका आली तर कुत्र्यास हात न लावतां बंद जागीं ठेवावें आणि पशुवैद्यास बोलवावें. काठी उगारण्याची घाई करूं नये, तशी ‘कानच दुखत असेल’ म्हणून हात पुढें करण्याचीहि करूं नये. कोणास चावलें असेल तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी, आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस टोंचून घेण्यास आरंभ करावा. पिसाळीचा रोग एकदां दिसूं लागला म्हणजे त्यावर उतारा नाहीं. आपल्या कुत्र्यास दर वर्षीं पिसाळीची लस टोंचविणें हें धन्याचें कर्तव्य आहे. ती टोंचविलेली असली म्हणजे अशा प्रसंगीं धन्याचें मन पुष्कळसें निर्धास्त राहतें, व दुखणाईत कुत्रा काठ्यांखालीं मरत नाहीं.

समारोप

मुंबईस परळ येथें पशुवैद्यकाचें महाविद्यालय १८८६ सालीं निघालें. नागपुरास तें १९५८ सालीं निघालें, आणि २००० सालीं नागपुरास पशुविज्ञानाचें विद्यापीठहि झालें. तेथें शिकलेलें ज्ञान आज तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत येऊन पोंचलें आहे. आपण बैलास तेथवर नेतो. कुत्र्यास नेण्यास लाजतो. ‘कुत्र्यासाठीं दवाखाना कसला?’ असें म्हणणारा शेजारी भेटतोच; त्यास हंसून उत्तर द्यावें, पण कुत्र्यास घेऊन जावें. खर्च पहिल्या आठवड्यांत थोडा असतो, तिसऱ्या महिन्यांत फार असतो, आणि पडदा फाटून ऐकूं येईनासें झाल्यावर कितीहि खर्च केला तरी गेलेला कान परत येईलच असें नसतें.

सारांश तीन वाक्यांत सांगतां येतो. निरोगी कान आठवड्यास एकदां पाहावा, पण उगीच कोरूं नये. ओला कान त्याच सांजेस पुसावा. दुखरा कान दाखविल्यावांचून त्यांत थेंबभरहि कांहीं घालूं नये. धान निसवल्यावर रात्रीं माचावर आपण डोळे मिटतों, तें खालीं बसलेल्या ह्या मुक्या राखणदाराच्या कानांवर विसंबून. ज्याच्या कानांवर आपण विसंबतों, त्याचे कान आठवड्यांतून दोन मिनिटें पाहणें हें फार मोठें मागणें नव्हे.